निरोपाचे भाषण आणि निरोपाचा नाच : शिरोड्याच्या परिसरातून एक वाचन

प्रास्ताविक

अमेरिकेत ‘मिडल स्कूल’ नावाचा शालेय टप्पा बहुधा आठवीला संपतो. तेथील अनेक शाळांत त्या निमित्ताने तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींसाठी औपचारिक नृत्यसमारंभ भरविला जातो. स्थळ शाळेचे क्रीडागृह किंवा भाड्याने घेतलेले एखादे सभागृह. पोशाख ठेवणीतला. देखरेखीस शिक्षक आणि पालक. हायस्कूलच्या अखेरीस होणाऱ्या ‘प्रॉम’ची ही धाकटी आवृत्ती होय. ‘प्रॉम’ हा शब्द ‘प्रॉमेनाड’ या शब्दाचे लघुरूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील महाविद्यालयांत रुळलेली ही प्रथा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हायस्कुलांत उतरली आणि पुढे त्याहूनही खालच्या इयत्तांपर्यंत झिरपली. मराठी प्राध्यापकवर्गात या विषयाचा उल्लेख झाला की साधारणतः दोनच प्रतिक्रिया उमटतात. एक कुतूहलाची, दुसरी नाक मुरडण्याची. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूला ठेवून एक वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. त्याच वयाच्या आपल्या मुलांची शाळा संपते, तेव्हा त्यांच्या एकत्र असण्याला आपण कोणता आकार देतो? आणि त्या आकाराने आपल्या साहित्याला व कलेला काय दिले, काय नाकारले?

विवेचनासाठी शिरोडा (ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग) आणि त्याचा परिसर निवडला आहे. हे गाव १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी इतिहासात आणि वि. स. खांडेकर यांच्यामुळे साहित्यात नोंदले गेले आहे. खांडेकर १९२० मध्ये येथील शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत येथेच राहिले. तीच शाळा आज अ. वि. बावडेकर विद्यालय म्हणून ओळखली जाते. खांडेकरांचा संबंध केवळ स्थानमाहात्म्यापुरता नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

सातवीचा निरोप

महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणाचा टप्पा दीर्घकाळ सातवीला संपत आला. ‘व्हर्नाक्युलर फायनल’ उत्तीर्ण होणे ही एके काळी नोकरीची पात्रता होती आणि ‘सातवी पास’ हे शब्द लग्नपत्रिका जुळविताना अभिमानाने उच्चारले जात. शिक्षणहक्क कायदा (२००९, अंमल १ एप्रिल २०१०) आला आणि प्राथमिक शिक्षणाची कायदेशीर व्याख्या आठवीपर्यंत विस्तारली. तथापि अनेक गावांतील जिल्हा परिषदेच्या शाळा आजही सातवीलाच थांबतात आणि मुले आठवीसाठी शेजारच्या मोठ्या गावातील हायस्कुलात जातात. म्हणजे अमेरिकन समारंभाशी वयाने व टप्प्याने जुळणारा आपला समारंभ दहावीचा नसून सातवीचा आहे. दहावीच्या समारंभाविषयी, त्यात मुली नेसतात त्या साड्यांविषयी आणि त्या दिवशीच्या छायाचित्रांविषयी बरेच बोलले जाते. सातवीच्या समारंभाची दखल मात्र कोणी घेत नाही.

या समारंभाचे स्वरूप कोकणातील कोणत्याही शिक्षकास परिचित आहे. वर्गातील बाके व्हरांड्यात जातात आणि सतरंज्या अंथरल्या जातात. फळ्यावर रंगीत खडूने ‘शुभेच्छा समारंभ’ असे लिहिले जाते (‘निरोप’ हा शब्द अशुभ वाटू लागल्याने अलीकडे तो मागे पडला आहे, शब्द बदलला, रडणे तेच राहिले). ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांना गुलाबपुष्प. त्यानंतर समारंभाचा गाभा येतो, तो म्हणजे भाषणे. सहावीतील दोघे-तिघे बोलतात, मग सातवीतील जवळजवळ प्रत्येकजण बोलतो. मग वर्गशिक्षक आणि शेवटी मुख्याध्यापक. मुलांच्या वतीने शाळेला भिंतीवरचे घड्याळ किंवा तत्सम वस्तू भेट दिली जाते. अल्पोपाहार होतो. छायाचित्र निघते.

या रचनेत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सारा समारंभ एकाच दिशेने तोंड करून चालतो. बोलणारा मूल श्रोत्यांकडे पाहते, श्रोते बोलणाऱ्याकडे पाहतात. जी मुले सात वर्षे एकमेकांशेजारी वाढली, ती त्या तासा-दोन तासांत एकमेकांकडे तोंड करून काहीही करीत नाहीत. मुलगे एका सतरंजीवर, मुली दुसऱ्या सतरंजीवर असतात. कृतज्ञता व्यक्त होते ती शिक्षकांविषयी आणि वास्तूविषयी. शेजारी बसणाऱ्याविषयी, विशेषतः तो वा ती भिन्नलिंगी असेल तर, एक वाक्यही उच्चारले जात नाही. तसे वाक्य त्या भाषणाच्या साच्यातच नाही.

खांडेकरी वारसा

या भाषणांची भाषा हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. शाळा हे घरटे, विद्यार्थी ही पाखरे, गुरुजन दीपस्तंभ, आयुष्य हा सागर. ज्या मुलाच्या घरी होडी आहे आणि ज्याला सागर म्हणजे काय हे प्रत्यक्ष ठाऊक आहे, तोसुद्धा त्या दिवशी सागराविषयी पुस्तकी बोलतो. ही प्रतिमासृष्टी आकाशातून पडलेली नाही. दोन महायुद्धांमधील मराठी गद्याने, आणि त्यातही खांडेकरांच्या कादंबरीने व रूपककथेने, उपमांनी सजलेली, सुभाषितवजा वाक्यांकडे झुकणारी, ध्येयवादाने भारलेली एक भाषा मराठी मध्यमवर्गाला दिली. ‘हृदयाची हाक’ (१९३०), ‘उल्का’ (१९३४), ‘दोन ध्रुव’ (१९३४) या कादंबऱ्या लिहिल्या गेल्या तेव्हा त्यांचा लेखक शिरोड्यात पौगंडवयातील विद्यार्थ्यांना शिकवीत होता. पुढे पाठ्यपुस्तके, वक्तृत्वस्पर्धा आणि निबंधमालांच्या मार्गाने ही भाषा शाळेच्या प्रत्येक समारंभात पोहोचली. ‘ययाति’ला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. समीक्षकांनी मात्र त्यापूर्वीच या शैलीच्या कृत्रिमतेवर बोट ठेवावयास प्रारंभ केला होता. शाळेने समीक्षकांचे ऐकले नाही. निरोपाच्या भाषणात खांडेकरी गद्य आजही जिवंत आहे, अर्थात त्यातील करुणा वजा जाता.

येथे खांडेकरांना दोष देण्याचा हेतू नाही. उलट त्यांनी ज्या काळात तरुण-तरुणींच्या संबंधाला प्रतिष्ठित भाषा मिळवून दिली, त्या काळात तेवढेही धाडसाचे होते. परंतु ती प्रतिष्ठा कोणत्या अटीवर मिळाली, हे पाहिले पाहिजे. त्यांचे नायक-नायिका परस्परांना प्रामुख्याने शब्दांत भेटतात. पत्रांत, चर्चेत, ध्येयाच्या उच्चारात. देह येतो तो बहुधा मोहाच्या, अधःपाताच्या किंवा त्यागाच्या संदर्भात. ‘ययाति’ ही तर भोगाचीच शोकांतिका आहे. दोन माणसांनी एकमेकांसमोर उभे राहून निर्भयपणे, सभ्यपणे, आनंदाने काही करावे याला त्या गद्यात फारशी जागा नाही. शाळेच्या समारंभानेही तीच अट वारशाने घेतली. शब्दाला मुभा मिळाली. देह सतरंजीवर स्थिर राहिला.

‘खेळ’ आणि ‘नाच’

मग मराठी मुलाचा देह नाचतच नाही काय? नाचतो. परंतु आपली भाषा या बाबतीत फार सावध आहे. फुगडी ‘घालतात’, झिम्मा ‘खेळतात’, मंगळागौर ‘खेळतात’ वा ‘जागवितात’, लेझीम ‘खेळतात’, टिपऱ्याही ‘खेळतात’. दशावताराचाही प्रयोग असतो, नाटक असते, खेळ असतो. प्रतिष्ठित घरातील शरीराने तालावर केलेल्या हालचालीला मराठी भाषा शक्यतो ‘नाच’ म्हणत नाही, ‘खेळ’ म्हणते. ‘नाचणे’ या क्रियापदाभोवती मात्र ‘नाचगाणे’, ‘बोटांवर नाचविणे’ अशी अवमानाची वर्तुळे आहेत. वारकरी परंपरेने या क्रियापदाला कीर्तनाच्या रंगात मान दिला, हा महत्त्वाचा अपवाद होय. परंतु तो मान देवापुढच्या नाचाचा आहे. कोणाच्या ‘पुढे’ नाचणे, कशाच्या ‘तालावर’ नाचणे हे प्रयोग मराठीत सहज होतात. कोणा‘बरोबर’ नाचणे हा प्रयोग आजही किंचित अडखळत येतो. अमेरिकेत वाढणाऱ्या मुलीला ‘डान्सला कोणाबरोबर जाणार?’ असे विचारणाऱ्या मराठी आईला ‘डान्स’ हा शब्द तसाच ठेवावा लागतो, तो याचमुळे. ‘नाचाला कोणाबरोबर जाणार?’ हे वाक्य तिच्या तोंडून निघणार नाही.

या सावधपणाला सामाजिक इतिहास आहे आणि तो या परिसरात फार जवळचा आहे. दक्षिण कोकण आणि गोमंतक येथील देवस्थानांच्या सेवेत भाविणी, देवळी, कलावंतिणी असे समूह पिढ्यान्‌पिढ्या होते. स्त्रीने लोकांसमोर गाणे-नाचणे हे त्या सेवेशी आणि त्या सेवेला चिकटलेल्या शोषणाशी जोडले गेले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजातूनच सुधारणेची चळवळ उभी राहिली. मुलींना देवळातून काढून शाळेत घालणे हे तिचे प्रमुख सूत्र होते. मुंबई देवदासी संरक्षण कायदा १९३४ मध्ये झाला, म्हणजे ‘उल्का’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षी. शाळा आणि नाच यांची ताटातूट म्हणजे निव्वळ ब्राह्मणी किंवा व्हिक्टोरियन सोवळेपणा, असे म्हणून मोकळे होता येत नाही, ते या कारणाने. एका समूहाच्या मुलींसाठी नाचापासून दूर जाणे हीच मुक्तीची वाट होती. शाळेचा उंबरठा ओलांडताना पायांतील घुंगरू बाहेर ठेवावे लागले आणि ते बाहेर ठेवणे त्या मुलींना हवेसेही होते. ही गोष्ट विसरून ‘आपल्याकडे नृत्याची मोकळीक नाही’ अशी तक्रार करणे उथळपणाचे ठरेल.

दशावताराने या प्रश्नाची सोडवणूक आपल्या पद्धतीने केली. तेथे स्त्रीभूमिका पुरुषच करतात. शिमग्यातही पुरुषच लुगडे नेसून नाचतो. स्त्रीचा नाच हवा, नाचणारी स्त्री नको, अशी ती तडजोड होती.

रेकॉर्ड डान्स

शाळेच्या दारातून बाहेर गेलेला नाच परत आला तो स्नेहसंमेलनाच्या मंचावर आणि चित्रपटगीताच्या हाताला धरून. कोकणात याला ‘रेकॉर्ड डान्स’ म्हणतात. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडी गेली, आता गाणे भ्रमणध्वनीवरून वाजते. नाव तेच राहिले आहे. प्रारंभी कोळीगीते, शेतकरी नृत्ये, देशभक्तिपर गीते होती. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘बूगी वूगी’सारख्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांनी आणि त्यानंतरच्या नृत्यस्पर्धांच्या लाटेने गावोगावच्या मंचाचे व्याकरण बदलले. आता सहावी-सातवीची मुले-मुली प्रणयगीतावर जोडीने नाचतात, पालक शिट्ट्या वाजवितात, सरपंच पारितोषिक देतात.

येथे एक विसंगती आहे आणि ती शिक्षक या नात्याने आपणा सर्वांना अस्वस्थ करावयास हवी. वर्गात ज्या मुलीशेजारी बसणे ही शिक्षा म्हणून वापरली जाते, तिच्याच भोवती मंचावर प्रियकराचे हावभाव करीत फिरणे हा कौतुकाचा विषय होतो. मंचावरील हावभाव चालतो, कारण तो त्या मुलाचा नसतो. तो नटाचा असतो, उसना असतो, हजार डोळ्यांसमोरचा असतो. वर्गातील साधे संभाषण चालत नाही, कारण ते त्याचे स्वतःचे असते. दशावतारातील जुनी तडजोड येथे नव्या रूपाने अवतरली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पूर्वी स्त्रीचा नाच हवा होता आणि नाचणारी स्त्री नको होती. आता जोडीचा नाच हवा आहे, जोडी नको. रेकॉर्ड डान्सला अश्लील ठरवून बंदी घालण्याची मागणी अधूनमधून होते. ती मागणी चुकीच्या जागी बोट ठेवते. रेकॉर्ड डान्समध्ये मुलांना एकमेकांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. दोघेही प्रेक्षकांकडे पाहून हसतात. खरी उणीव ही आहे.

नजरेचे साहित्य

या उणिवेचे सर्वांत सूक्ष्म चित्रण मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत आढळते. आणीबाणीच्या काळातील नववीचा वर्ग, निवेदक जोशी, आणि त्याला आवडणारी मुलगी. त्या मुलीला कादंबरीभर तिच्या आडनावाने ओळखले जाते आणि ते आडनाव आहे ‘शिरोडकर’. शिरोडे या नावाचे गाव गोव्यात फोंडे तालुक्यातही असल्याने त्या आडनावावर आपल्या गावाचा हक्क सांगता येत नाही. तेवढा मोह आवरावा. महत्त्वाचे आहे ते आडनाव हेच संबोधन असणे. पहिल्या नावाने हाक मारण्याइतकीही जागा जेथे नाही, तेथे आडनावालाच प्रेमाचे सर्व वजन पेलावे लागते. कादंबरीतील अनुराग हा मुख्यतः नजरेचा, कानोशाचा, घरी जाण्याच्या वाटा जुळविण्याचा व्यवहार आहे. मुलांनी त्यासाठी स्वतःची गुप्त परिभाषा घडविली आहे. ज्या संबंधाला संस्थेने आकार दिला नाही, त्याला मुलांनी स्वतः दिलेला तो आकार होय. समीक्षकांनी त्या परिभाषेच्या गंमतीकडे लक्ष वेधले. ती परिभाषा संस्थेच्या मौनातून जन्मली, याकडे तेवढे गेले नाही.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाने हा प्रश्न आणखी खोल नेला. जब्याचे शालूवरील प्रेमही नजरेचेच आहे. परंतु त्यात एक जत्रा आहे. शालूने पाहावे म्हणून जब्या मिरवणुकीत नाचू लागतो आणि त्याच रात्री त्याच्यावर नाचणाऱ्यांसाठी डोक्यावर दिवा धरून उभे राहण्याची पाळी येते. कोण नाचणार आणि कोण उजेड धरणार हे आपल्याकडे जातीने ठरविले आहे. जोशी-शिरोडकर यांच्यात अंतर आहे ते संकोचाचे. जब्या-शालू यांच्यातील अंतर संकोच संपला तरी संपणारे नाही. तेव्हा शाळेने मुलांना एकत्र येण्याचा आकार द्यावा असे म्हणताना, तो आकार कोणाला आत घेईल आणि कोणाच्या डोक्यावर दिवा ठेवील, हा प्रश्न टाळता येत नाही.

खाडीपलीकडे

शिरोड्याहून रेडीमार्गे दक्षिणेस गेले की तेरेखोलची खाडी लागते. तिच्यापलीकडच्या गोमंतकात, एकोणिसाव्या शतकात, ख्रिस्ती घराण्यांच्या दिवाणखान्यांतून ‘मांडो’ हा कोकणी गीत-नृत्यप्रकार विकसित झाला. त्यात स्त्रिया आणि पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. स्त्रियांच्या हाती पंखा, पुरुषांच्या हाती रुमाल. लय संथ. गीताचा विषय प्रायः प्रेम व विरह. दोन रांगा एकमेकींकडे सरकतात, बाजूने निघून जातात, पुन्हा समोर येतात. स्पर्शाला येथे जवळजवळ स्थान नाही आणि तरीही हा नाच कोणा‘बरोबर’च होतो. प्रेक्षक असले काय, नसले काय, त्याला फरक पडत नाही.

मांडोचे उदाहरण देण्याचे कारण असे की, औपचारिक सहनृत्य म्हटले की ‘पाश्चात्त्य अनुकरण’ असा जो शिक्का मारला जातो, तो निदान सिंधुदुर्गात तरी विचार करून मारावा. पोर्तुगीज प्रभाव आणि देशी लय यांच्या संकरातून खाडीच्या पलीकडे असा एक आकार घडला आणि सावंतवाडी-वेंगुर्ले भागातील ख्रिस्ती वस्तीला लग्नघरातील सहनृत्य अपरिचित नाही. त्यांची मुले आपल्याच शाळांत शिकतात. शाळेच्या समारंभात मात्र त्यांचा हा अनुभव कधी ‘संस्कृती’ म्हणून येत नाही. मांडोही निष्पाप नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. तो जमीनदार घराण्यांचा होता, त्या दिवाणखान्यांत मुंडकाराला प्रवेश नव्हता.

अमेरिकन समारंभाविषयीही तीच सावधगिरी हवी. तेथील मुलांच्या वाट्याला पोशाखाचा खर्च येतो, सोबतीला कोणी न मिळाल्याची नामुष्की येते, भिंतीला टेकून संध्याकाळ काढणे येते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही गावांत गोऱ्या व काळ्या विद्यार्थ्यांचे ‘प्रॉम’ वेगवेगळे होत आणि ही प्रथा एकविसाव्या शतकापर्यंत टिकून होती. म्हणून महानगरांतील काही इंग्रजी शाळांप्रमाणे तो साचा जसाच्या तसा उचलावा, असे सुचविणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. परंतु त्या समारंभाच्या मुळाशी एक गृहीत आहे आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. तेरा वर्षांच्या मुलामुलींनी एकमेकांना विचारणे, होकार-नकार सभ्यपणे देणे-घेणे, समोर उभे राहणे, ही शिकण्याची आणि म्हणून शाळेने शिकविण्याची गोष्ट आहे, असे तो समारंभ मानतो. आपली शाळा ही गोष्ट चित्रपटावर, भ्रमणध्वनीवर आणि नशिबावर सोडून देते. त्याचे परिणाम पुढे महाविद्यालयात आपल्याच वर्गांत येऊन बसतात. मुलीच्या नकाराला अपमान समजणारा अठरा वर्षांचा विद्यार्थी आपणापैकी कोणी पाहिला नाही?

वेंगुर्ले तालुक्यातील एका शाळेत सातवीच्या अशाच समारंभास उपस्थित राहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला होता. भाषणे संपली, पाहुणे चहाला गेले. वर्ग आवरण्याचे काम मुलांकडे होते. दोन मुलगे आणि दोन मुली यांनी एका मोठ्या सतरंजीची चार टोके धरली. झटकली. मग घडी घालण्यासाठी ती समोरासमोरून चालत एकमेकांजवळ आली, टोके जुळविली, एकाने दोन्ही टोके दुसरीच्या हाती दिली, खाली वाकून दुमड उचलली, मागे सरली, पुन्हा जवळ आली. कोणी बोलत नव्हते. एकीला मध्येच हसू आले, मग चौघेही हसली आणि सतरंजी वाकडी झाली, म्हणून उलगडून पुन्हा घातली. तेवढ्यात छायाचित्रासाठी हाक आली. छायाचित्रात उजवीकडे मुलगे आहेत, डावीकडे मुली आहेत आणि मध्ये खुर्च्यांवर आम्ही बसलो आहोत.